नादारीचा अर्ज

आमच्या पिढीला 'नादारी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नव्या मुलांसाठी सांगतो, घरची ऐपत नसेल तर कॉलेजची फी पूर्ण किंवा अर्धी माफ व्हायची, ती नादारी.

१९७१ साली मी इंदूरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. राहायला रामबागेत दोन खोल्या, खाणारी सहा तोंडं. अण्णा एका कापड गिरणीत हिशेब खात्यात कारकून. ती गिरणी बंद पडली. 'पंधरा दिवसांत सुरू होईल' असं जो तो सांगायचा, मग सांगणारेही दिसेनासे झाले. थकलेला पगार अडकला तो अडकलाच. घरात आधी पेपर बंद झाला, मग दूध लिटरवरून अर्ध्यावर आलं.

नादारीच्या फॉर्मला मागच्या वर्षीच्या उत्पन्नाचा दाखला लागायचा. मागच्या वर्षी अण्णांचा पगार चालू होता, म्हणजे कागदावर आम्ही खाऊनपिऊन सुखी! कॉलेजचे बडे बाबू म्हणाले, "फॉर्म में तो पिछले साल का ही खाना है, भैया." त्यांचंही चुकत नव्हतं.

समाजाचा एक विद्यार्थी फंड होता. अण्णा दरवर्षी त्यात पाच रुपये द्यायचे. शेजारच्या काकांनी विचारलं, तिथे शब्द टाकू का? अण्णा म्हणाले, "तिथे नको. ती माणसं लग्नामुंजीत भेटतात."

शेवटी अकाउंटन्सीच्या सरांनी वाट दाखवली. फॉर्ममध्ये जागा नसेल तर वेगळा कागद जोड म्हणाले. पगार कोणत्या तारखेला थांबला, आज घरात काय येतं, काय जातं, तारीखवार लिही. रडगाणं नको.

तो कागद अण्णांनी रात्री स्वतः लिहायला घेतला. फुलस्केपवर मधोमध रेघ, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च. भाडं, किराण्याची उधारी, धाकट्यांच्या फिया, आईच्या शिवणाचे वीस रुपये, सगळं पैशापैशासकट. 'कर्ज' या सदराखाली सोन्याची पाटली गहाण असल्याची नोंद होती. आईच्या हातात ती दिसत नव्हती, पण आम्ही कुणी विचारलं नव्हतं. मला ते त्या कागदावरून कळलं. वडिलांच्या व्यवसायापुढे अण्णा बराच वेळ थांबले. 'बेकार' लिहिलं नाही. 'गिरणी बंद असल्याने कामावर नाही' असं लिहिलं आणि खाली झोकदार सही ठोकली.

अर्धी फी माफ झाली. उरलेल्या अर्ध्यासाठी मी संध्याकाळी सियागंजात एका किराणा पेढीवर वह्या लिहिल्या, महिना चाळीस रुपये. बी.कॉम.चा खरा अभ्यास तिथेच झाला म्हणा ना. पुढच्या वर्षी अण्णांना एका दुकानात मुनीमकी मिळाली आणि त्यांनी मला पुन्हा अर्ज करू दिला नाही.

१९७४ मध्ये मी बँकेत लागलो. निवृत्तीआधीची काही वर्षं शैक्षणिक कर्जाच्या टेबलावर होतो. तिथे हीच गाठ पुन्हा समोर आली. २००९ पासून व्याज अनुदानाची केंद्राची योजना होती, कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत हवं. एका मुलीचे वडील पीथमपुरातल्या कारखान्यात होते, नोकरी गेली होती. आणला होता मागच्या वर्षीचा फॉर्म सोळा, त्यात उत्पन्न मर्यादेच्या वर. शिवाय चार लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण लागत नाही हे त्यांना ठाऊकच नव्हतं. स्वतःचं घर नाही, म्हणून मुलीला बसवायला निघाले होते.

नोकरीतून कमी केल्याचं पत्र त्यांच्या खिशातच होतं, चार घड्या घातलेलं. काढायला तयार नव्हते. मी ते पत्र, शेवटची पगाराची स्लिप, सहा महिन्यांचं पासबुक आणि साध्या कागदावर जमाखर्च असं एकत्र लावून घेतलं. ते घेऊन तहसीलला तीन फेऱ्या झाल्या, तेव्हा चालू उत्पन्नाचा दाखला निघाला. कर्ज मंजूर झालं. मुलगी दुसऱ्या वर्षाला गेली तेव्हा वडील पुन्हा एका कारखान्यात लागले होते, पगार आधीपेक्षा कमी. हप्ते सुरू व्हायला अजून अवकाश होता, तरी व्याज किती चढलं ते दर तिमाहीला येऊन विचारून जायचे.