पूर्ण नाव सांगा

परवा सकाळी उपाशीपोटी रक्त द्यायला गेलो होतो. चिठ्ठीवर माझे नाव होते, तरी सुई उचलण्यापूर्वी तिथल्या मुलीने विचारले, "आजोबा, पूर्ण नाव सांगा." शेजारचे गृहस्थ वैतागले, "लिहिलंय की समोर!" मला मात्र तिला शाबासकी द्यावीशी वाटली.

१९७४ साली मी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागलो. साखर मोजायची तर आधी रक्तातली प्रथिने काढावी लागत. एक भाग रक्त, सात भाग पाणी, एक भाग सोडियम टंगस्टेट, एक भाग सौम्य गंधकाम्ल. लालभडक रक्त पाहता पाहता चॉकलेटी होई आणि गाळणकागदातून निवळ पाणी ठिबकू लागे. पिपेट तोंडाने ओढायचे. एकदा रक्त जिभेला लागले. त्या दिवशी जेवण गेले नाही.

हीच गाळागाळ यंत्राकडून करून घेण्याची युक्ती अमेरिकेत क्लीव्हलंडच्या लिओनार्ड स्केग्ज यांनी काढली होती. त्यांचे यंत्र १९५७ साली बाजारात आले. एकाच नळीतून नमुन्यांमागून नमुने वाहायचे आणि ते एकमेकांत मिसळू नयेत म्हणून मध्ये हवेचे बुडबुडे! वाटेत एक पातळ पडदा. साखरेचे बारीक कण पलीकडे जात, प्रथिनांचे मोठे कण अलीकडेच राहत. गाळणकागदाची गरजच उरली नाही.

आमच्याकडे तेव्हा कुठले यंत्र! एका गर्दीच्या सकाळी मी दोन बायकांचे रक्त घेतले आणि नावे मागाहून टेबलाशी येऊन लिहिली. ती उलटसुलट झाली. साखर एकीची, कागद दुसरीचा. इन्सुलिनची सुई भरून तयार होती. लघवीत साखरेचा मागमूस नाही हे डॉक्टरांच्या ध्यानात आले, म्हणून ती बाई वाचली. मी रात्रभर जागा होतो.

आता मोठ्या प्रयोगशाळांत नळ्या पट्ट्यावरून आपोआप सरकतात. यंत्रच त्या घुसळते, बुचे काढते, पट्टीवरच्या रेघा वाचते. तोंडात पिपेट धरायला नको, हे केवढे सुख! पण पट्टीच चुकीची लावली, तर यंत्र ती चूकही इमानेइतबारे वाचणार.

मी वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव सांगितले. मुलीने ते चिठ्ठीशी ताडून पाहिले, रक्त घेतले आणि माझ्यादेखत नळीला पट्टी चिकटवली. ती लागेपर्यंत मी खुर्चीवरून उठलो नाही.