द्राक्षांचं गाव आणि दुधाचा पेला

इंग्रजी कादंबऱ्या वाचून माणसाचं जे नुकसान होतं, त्यात वाइनविषयीच्या कल्पनांचा नंबर बराच वरचा लागेल. वाइनचं गाव म्हणजे टेकडीवर जुना वाडा, खाली थंडगार तळघर आणि पेला उजेडाला धरून एक डोळा मिटणारा मिशाळ म्हातारा, हे चित्र मी सदाशिव पेठेतल्या दोन खोल्यांत बसून पक्कं करून टाकलं होतं. १९८० च्या दशकात नारायणगावला वाइनचा कारखाना निघाला आणि तिथली फसफसणारी वाइन 'ओमर खय्याम' या नावानं परदेशात जाऊ लागली. बायकोचे मामा नेमके नारायणगावचे. द्राक्षबागाईतदार! मी लगेच रजा टाकली.

पुण्यापासून पाऊणशे किलोमीटर. एस. टी.तून उतरलो तर समोर भली थोरली कढई आणि तीत उकळणारं मसाला दूध. गावची खरी ख्याती याचीच. शेजारी तमाशाच्या फडांच्या राहुट्या. पाडवा जवळ आला होता, त्यामुळे गावोगावचे पंच जत्रेच्या सुपाऱ्या द्यायला जमलेले. विठाबाईंचं हे गाव! राहुट्यांच्या पलीकडे औषधफवारणीच्या पंपांची दुकानं. तळघर कुठंच दिसेना.

मामा न्यायला आले होते. टोपी, धोतर, गळ्यात तुळशीची माळ. रात्री जेवताना मी हळूच विषय काढला, "मामा, इथली वाइन चाखायला मिळेल का?"

मामींच्या हातातली भाकरी तव्यावरच राहिली.

"जावईबापू, माळकऱ्याच्या घरात काय विचारताय!" मामा म्हणाले. "अर्धा एकर कारखान्याला घालतो, खरं हाय. पण लेक सासरी धाडली की तिथं ती काय करती, ते आपण बघाया जातो का?"

हे वाक्य द्राक्षांविषयी होतं की त्यांच्या भाचीविषयी, हे मला अजून कळलेलं नाही. मामींनी दुधाचा पेला पुढे ठेवला. तो मी उजेडाला धरला नाही.

सकाळी बाग पाहिली. वाइनची द्राक्षं अगदीच किरकोळ निघाली. बारीक मणी, टणक बिया, जाड साल. बाजारात कुणी पाटीला हात लावणार नाही. पण वाइनला रंग आणि तुरटपणा येतो तो त्या सालीतूनच.

"माणसागत हाय," मामा म्हणाले. "गोडगोड ती खायला, चिवट ती मुरवायला."

पत्र्याच्या शेडमध्ये निळंशार पिंप होतं. मोरचूद आणि चुना. "बोर्डो मारावा लागतो," मामा म्हणाले. आता माझी वेळ होती. मी सांगितलं, बोर्डो हे फ्रान्समधलं शहर. तिकडचे शेतकरी वाटसरूंनी द्राक्षं चोरू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर हे निळं पाणी शिंपडायचे. त्याच वेलींना केवडा होत नाही, हे १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आलं.

मामांनी सगळं लक्ष देऊन ऐकलं. "म्हंजी तिथंबी चोर हायेत! मग गाव आपल्यासारखंच असणार." फ्रान्सबद्दल त्यांच्या मनात प्रथमच आपुलकी उत्पन्न झाली.

त्या रात्री मला जाग आली. मामा अंगणात उभे. आभाळ भरून आलेलं. पाहतो तर गल्लीतल्या प्रत्येक अंगणात एकेक माणूस मान वर करून उभा. कुणी बोलेना. लांब राहुट्यांकडची ढोलकीही थांबली होती. तोडणीला आठ दिवस होते. ऑक्टोबरच्या छाटणीपासूनचे कष्ट, सोसायटीचं कर्ज, धाकटीचं लग्न, सगळं वेलींवर लटकलं होतं. दहा मिनिटांची गार पुरेशी होती.

"काही होणार नाही, मामा," मी म्हणालो. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी जन्मात इतकं निरुपयोगी वाक्य दुसरं बोललेलो नाही.

वारा सुटला, चार थेंब पडले आणि ढग पुढे सरकला. उजाडता उजाडता कळलं, गारा पलीकडच्या शिवारात पडल्या. मला वाटलं, आता मामा पेढे वाटणार. त्यांनी चहासुद्धा घेतला नाही. डोक्याला उपरणं गुंडाळून ते तडक पलीकडच्या शिवारात गेले. दुपारी परतले ते हातपाय धुऊन गप्प बसले. मामींनी काही विचारलं नाही. दुधाचा पेला तेवढा शेजारी ठेवला.

पुढे १९९० च्या दशकात जवळच खोडदला रेडिओ दुर्बीण उभी राहिली. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या रात्रंदिवस आभाळाकडे तोंड करून असतात. शास्त्रज्ञांनी जागा अचूक निवडली. त्या भागाला ती सवय आधीपासूनच होती.

हल्ली पुण्यातही लोक वाइनचा पेला उजेडाला धरतात आणि गंभीरपणे विचारतात, "साल कोणतं?"

गारा पलीकडच्या शिवारात पडल्या ते, असं माझ्या अगदी ओठांवर येतं.