चुलीमागे तीन हजार

(द्वितीय वर्ष, कला)

गणपतीला घरी किती माणसं असतात, असं वर्गातल्या मैत्रिणींनी विचारलं की मी ‘एकतीस’ म्हणते. त्यांना वाटतं, मी सगळ्या वाडीचा आकडा सांगते आहे. पण हा आमच्या एका घराचा आकडा आहे. एरवी त्या घरात आम्ही पाचच असतो: आजी, आई, बाबा, धाकटा भाऊ आणि मी. भाद्रपदात ते घर सहापट होतं, आठवडाभर तसंच राहतं आणि मग एका सकाळी पुन्हा पाचावर येतं. हे सगळं कसं होतं आणि कोण पेलतं, ते एकदा लिहावं असं बरेच दिवस मनात होतं.

आमचं घर संगमेश्वर तालुक्यात. वाडीत त्याला ‘मूळ घर’ म्हणतात. चार भावांचं मिळून एक घर, एक देवघर आणि एकच गणपती. आजोबा त्या चौघांतले थोरले. चौघेही मुंबईला गिरणीत होते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी घरांची हीच कथा आहे. बापये गिरणीत, बाया शेतात आणि महिन्याला मनिऑर्डर. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्या मनिऑर्डरी थांबल्या. आजोबा गावी परतले ते कायमचेच. धाकटे तिघे मुंबईत मिळेल ते काम धरून राहिले. पुढे त्यांची मुलं लालबाग-परळच्या खोल्यांतून दिवा, डोंबिवली, नालासोपारा अशी पांगली. माझे सख्खे काकाही तिकडेच. म्हणजे आज चार चुली मुंबईकडे आणि एक गावी. गणपती मात्र गावीच. तो हलवायचा नाही, असं जुन्या माणसांनी ठरवलेलं आहे.

जमिनीच्या सातबाऱ्यावर सगळ्यांची नावं आहेत. घरपट्टी मात्र बाबा भरतात आणि पावसाआधी कौलंही तेच चाळतात. तरीही चतुर्थीला येणाऱ्याला आमच्याकडे कुणी ‘पाहुणा’ म्हणत नाही. म्हटलं तर आजी रागावते. पाहुण्याला दोन दिवसांनी ‘निघतो आता’ म्हणावं लागतं. घरच्याला ते म्हणावं लागत नाही. बोलायला हे फार चांगलं आहे. पण जो स्वतःच्याच घरी येतो, तो आल्या आल्या घागर उचलतो की पाट मांडून बसतो, हा प्रश्न मला लहानपणापासून पडत आलेला आहे.

पूर्वी सगळे एस.टी.नं यायचे. १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाल्यावर संगमेश्वर रोड स्टेशनवर उतरू लागले. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं आणि बघता बघता संपतं. त्यामुळे आषाढातच फोन सुरू होतात. ‘आम्ही सहाजण. तुतारी मिळाली,’ असं एक काका सांगतात. दुसरे म्हणतात, ‘आमचं अजून वेटिंगला आहे.’ आई फोन ठेवते आणि मनातल्या मनात तांदूळ मोजते.

मुक्काम किती दिवसांचा, हेही आमच्या हातात नसतं. आमच्याकडे गणपती गौरीबरोबर जातो. गौर अनुराधा नक्षत्रावर येते, ज्येष्ठा नक्षत्रावर पुजली जाते आणि मूळ नक्षत्रावर जाते. त्यामुळे दिवस दर वर्षी कमीजास्त होतात. २०२४ साली चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि विसर्जन १२ ला, म्हणजे सहा दिवस. २०२५ साली चतुर्थी २७ ऑगस्टला आली आणि विसर्जन २ सप्टेंबरला; सात दिवस झाले. पंचांगात एक दिवस वाढला की मुलं उड्या मारतात. स्वयंपाकघरात मात्र त्या एका दिवसाची बासष्ट पानं होतात. शिवाय चहा, न्याहारी आणि रात्री आरतीला येणाऱ्यांचा प्रसाद.

आकडे सांगतेच आहे तर नीट सांगते. एकतीस माणसांना एका वेळेला चार किलो तांदूळ लागतो, दिवसाला आठ. सात दिवसांचा झाला छप्पन्न किलो. हा तांदूळ आमच्या शेतातला. चतुर्थीला मोदक शंभराच्या वर होतात. एका नारळाच्या चवात दहा-बारा मोदक भरतात, म्हणजे एका सकाळी डझनभर नारळ फोडायचे आणि खवायचे. गूळ घालून सारण शिजवायचं. तांदळाच्या पिठीची उकड काढून ती गरम असतानाच मळायची, नाहीतर पारी चिरते. हात सरावलेला असला तरी पाकळ्या काढून मोदक मिटायला दोन मिनिटं लागतातच. मग हळदीच्या पानावर ठेवून पंधरा मिनिटं वाफ. आधी नैवेद्याचे एकवीस, मग पोरांची पंगत, मग बापयांची आणि शेवटी बायकांची. तोवर मोदक थंड झालेले असतात.

दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं खायचं नाही, अशी रीत आहे. परसात आपसूक उगवलेलं किंवा हातानं लावलेलं तेवढंच त्या भाजीत जातं: अळू, भेंडी, पडवळ, लाल माठ, सुरण, मक्याची कणसं. बैलाला वर्षातून एक दिवस का होईना, पण त्याच्या श्रमाची आठवण म्हणून एवढा मान आहे, हे मला फार आवडतं. ती भाजी चिरायला मात्र आई आणि काकी पहाटेपासून बसलेल्या असतात.

या दिवसांत सुख नाही असं कुणी समजू नये. गणपतीच्या शाळेतून आपल्या पाटावरची मूर्ती डोक्यावर घेऊन बाबा बांधावरून येतात, तेव्हा आजीच्या डोळ्यांत पाणी असतं. गौरीला आत्या येते. पाणवठ्यावरून तेरड्याची गौर घरात येते आणि माहेरवाशिणींच्या फुगड्यांनी पडवी दणाणते. गौरीच्या तिखट्या सणाला वडे तळायला घेतले की आळीपाळीनं चुलीशी बसून बायका जे हसतात, तसं वर्षभर कधी हसत नाहीत. रात्री जाखडीवाले येतात. दिव्याची नि डोंबिवलीची पोरं ओसरीवर एका रांगेत आडवी होतात आणि भुतांच्या गोष्टी ऐकत झोपतात. शहरात दहा बाय बाराच्या खोलीत राहणारी ही पोरं इथे चार दिवस नुसती धावत असतात.

ही गर्दी नसली तर काय होतं, तेही आम्ही पाहिलं आहे. २०२० साली २२ ऑगस्टला चतुर्थी होती. करोनाची साथ चालू होती. गावात येणाऱ्याला आधी विलगीकरणात राहावं लागे. इतकी रजा कुणाला नव्हती, आणि गाड्यांचाही नेम नव्हता. कुणीच आलं नाही. आजोबा तेव्हा होते, म्हणून आम्ही सहाजण. ‘एकदा तरी शांतपणे गणपती व्हावा,’ असं आई दर वर्षी म्हणायची. त्या वर्षी तसा झाला. तिनं सवयीनं माळ्यावरचा मोठा टोप काढला, घासला आणि पुन्हा माळ्यावर ठेवून दिला. मोदक केले ते फक्त एकवीस. आरतीला सहा आवाज. फोनवरून मुंबईकरांना दर्शन घडवायला गेलो, तर रेंज जात होती. चतुर्थीच्या दुपारी आई पडवीत बसलेली मी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि तिला बसणं जमत नव्हतं. सारखी उठून वाटेकडे बघून यायची. म्हणून सांगते, माणसं येऊ नयेत असं आमच्या घरात कुणालाच वाटत नाही, आईला तर नाहीच.

आता वहीविषयी. आजोबा चौथी शिकलेले. गावी परतल्यावर १९८३ पासून त्यांनी गणपतीच्या खर्चाची एक वही ठेवली होती. दर वर्षाला एक पान. वर चुलीमागे किती वर्गणी ती, खाली मूर्ती, किराणा, फुलं, भटजींची दक्षिणा, पेट्रोमॅक्सचं भाडं. पुढे पेट्रोमॅक्स गेली आणि विजेच्या माळा आल्या. वर्गणी वाढत वाढत चुलीमागे तीन हजार झाली. २०२० च्या पानावर त्यांनी खर्च लिहिलाच नाही. ‘माणसे सहा’ एवढंच लिहिलं आहे. २०२२ साली आजोबा गेले. ‘तू शिकतेस, तूच लिही आता,’ म्हणून आजीनं वही माझ्याकडे दिली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. आई सातवीपर्यंत शिकली आहे.

गेल्या वर्षी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी राष्ट्रीय उत्पन्न शिकवताना पिगू या अर्थशास्त्रज्ञाचं एक उदाहरण दिलं. एखाद्या गृहस्थानं आपल्या स्वयंपाकिणीशीच लग्न केलं, तर देशाचं उत्पन्न तेवढ्यानं घटतं. बाई तीच आणि कामही तेच. पण पगार थांबला, म्हणून ते काम हिशेबातून गेलं. वर्ग हसला. मला आमची वही आठवली. बेचाळीस वर्षांच्या पानांवर मूर्तीच्या पाटापासून कापरापर्यंत सगळं आहे. घरचा तांदूळ, परसातले नारळ आणि चुलीपाशी उभं राहणारी माणसं कुठेच नाहीत. २०१९ साली सरकारनं केलेल्या वेळ-वापर सर्वेक्षणात असं दिसलं की, घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषाची ९७. आमच्या घरात गणपतीत काय होतं, ते पाहावं असं मी ठरवलं.

गेल्या भाद्रपदात वहीच्या पानावर मी आणखी दोन रकाने आखले: ‘घरचं’ आणि ‘हात’. बाजारखर्च झाला १७,३५० रुपये. पाच चुलींची वर्गणी १५,०००. वरचे २,३५० बाबांनी घातले. ‘घरचं’मध्ये छप्पन्न किलो तांदूळ आणि चौसष्ट नारळ, बाजारभावानं पाच हजारांवर गेले. ‘हात’मध्ये तास. आईचे ९८, चौघी काकींचे मिळून ११२, माझे ४९, आजीचे २८. मूर्ती, मखर, बाजार, लाकडं धरून सगळ्या पुरुषांचे मिळून ६३, त्यातले ३४ बाबांचे. आरती आणि भजन कुणाचंच धरलं नाही. विसर्जनाचा दिवस अजून उरलेला होता, तो अंदाजानं घातला.

आधी आजीला वाचून दाखवलं. ती बराच वेळ सुपारी कातरत राहिली. मग म्हणाली, “तुझ्या आज्यानं हे कधी लिहिलं नाय गो. लिहायला हवं होतं.”

गौरीपूजनाच्या रात्री जेवणं झाल्यावर पडवीत हिशेबाची बैठक बसते. दर वर्षी मी खर्च वाचते, ‘बरोबर आहे’ म्हणतात आणि उठतात. त्या रात्री मी पुढचे दोन रकानेही वाचले. वाचताना आवाज कापत होता. सगळे माझ्याहून मोठे. थोड्या वेळानं दिव्याचे काका हसून म्हणाले, “म्हणजे आता वहिनींना पगार चालू करायचा काय?” काहीजण हसले. डोंबिवलीची काकी दाराआडून म्हणाली, “पगाराचं राहू दे भाऊजी. एकतीस माणसांच्या भाताचा टोप चुलीवरून उतरवायला एक बापयमाणूस का नसतो, ते सांगा.” त्यावर कुणी हसलं नाही.

सर्वांत जास्त रागावली ती आई. “बस कर गो आता,” ती म्हणाली. “घरच्या माणसांचा हिशेब कोण मांडतं?”

मी म्हटलं, “आई, हिशेब घरच्यांचाच असतो. पाहुण्यांकडून कुणी वर्गणी घेत नाही.”

बाबा खाली मान घालून ऐकत होते. त्यांनी वही मागून घेतली, ते पान पुन्हा एकदा वाचलं आणि काही न बोलता ती देवघरात नेऊन ठेवली. आई त्या रात्री माझ्याशी बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी विसर्जनाच्या जेवणाला आत्यानं पहिली पंगत बायकांची बसवली. पुरुष वाढायला. भात आधी की वरण, यावरून दोन काकांची जुंपली. मीठ वाढायचं राहिलं. लिंबाची फोड पानाच्या उजवीकडे पडली. आजी हसून हसून बेजार झाली. आई दोनदा उठली आणि दोन्ही वेळा आत्यानं तिला हाताला धरून खाली बसवली. त्या दिवशी उरलेल्या पिठीचे थोडे मोदक केले होते. त्यातला एक वाफाळता मोदक दिव्याच्या काकांनीच आईच्या पानात वाढला, वर तुपाची धार धरली. तिनं तो सावकाश खाल्ला. असं एका पंगतीनं सगळं बदलतं, असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी भांड्यांचा ढीग पडला तेव्हा त्याच बायका त्याच पाण्याशी बसल्या होत्या. फक्त चुलत भावंडांतले दोघे मुलगे आपण होऊन विसळायला आले.

पुढे मार्गशीर्षात, भात झोडून झाल्यावर, आईनं एकदा सहज विचारलं, “त्या वहीत माझे किती लिहिलेस?”

“अठ्ठ्याण्णव.”

ती जरा गप्प राहिली. “बाबांनी लाकडं फोडली, ती धरलीस ना? त्यांचं कमी लिहू नकोस.”

ती धरलेली होती. तिला दाखवली.

२०२६ साली चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे. निघायच्या आदल्या रात्री तीन गोष्टी ठरल्या, त्या मी वहीत लिहून घेतल्या आहेत. वर्गणी चुलीमागे चार हजार. दर वर्षी पाळीनं दोन चुलींनी दोन दिवस आधी यायचं आणि शेवटचा टोप घासून झाल्यावरच निघायचं. भाताचा टोप उतरवणं आणि नारळ खवणं पुरुषांकडे. पहिली पाळी दिव्याची आणि नालासोपाऱ्याची. खाली दोन्ही काकांच्या सह्या आहेत. दिव्याच्या काकांनी सही करताना विचारलं होतं, “खवणी डाव्या हाताची असते की उजव्या?” आजीनं खवणी त्यांच्यासमोर आणून ठेवली.