हंगाम

हंगाम म्हटलं की आमच्या कोऱ्हाळ्याच्या माणसाला आधी ऊसच आठवतो. नीरा डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटणार, टोळी कधी येणार, तोड कधी मिळणार... कारखाना सोमेश्वर असो की माळेगाव, बोलणं तेच. पण गेली दोन वर्षं आमच्या घरात आणखी एक हंगाम असतो. कबड्डीचा! माझी भाची (म्हणजे भावाची मुलगी) कॉलेजच्या मुलींच्या संघात उजव्या कोपऱ्याला खेळते. ठाण्याच्या मावशीने परवा फोनवर विचारलं, "अगं, अजून कबड्डीच खेळते का ती?" त्या 'अजून'चं उत्तर फोनवर देता आलं नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

कॉलेज लहान. संघात सात खेळाडू आणि पाच राखीव घेता येतात, यांच्या मुली मोजून नऊ. त्यातल्या एकीचं श्रावण सरता सरता लग्न ठरलं, राहिल्या आठ. म्हणजे सरावाला दोन बाजूसुद्धा पुऱ्या होत नाहीत. मग सर शेजारच्या हायस्कूलच्या पोरांना उभं करतात. पोरं आधी लाजतात. एकदा घोट्याची पकड बसून तोंडात माती गेली की लाजणं संपतं.

दरवर्षी 15 जुलैला, बुवा साळवींच्या जन्मदिवशी, महाराष्ट्रात कबड्डी दिन असतो. त्या दिवशी नारळ फोडून यांचा सराव सुरू होतो. पहाटे साडेपाचला उठायचं, जनावरांचं आवरायचं, दोन भाकरी बांधायच्या आणि एसटी पकडायची. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालंय, ते आमच्या वहिनीला फार उपयोगी पडलं. "लेकीचा खेळ परवडत नाही" असं आता कुणाला म्हणता येत नाही ना!

खरी अडचण पैशाची नाही असंही नाही म्हणा. सराव मातीवर आणि स्पर्धा मॅटवर, ही या मुलींची मोठी पंचाईत. मी शाळेत खेळायचे तेव्हा सगळंच मातीवर, अनवाणी. मातीत पाय थोडा घसरतो, त्या घसरण्याच्या अंदाजाने पकड बसते. मॅटवर बूट लागतात आणि बूट धरून ठेवतात. चढाई करणारी झटक्यात वळते, आणि मातीत शिकलेली मुलगी अर्धं पाऊल मागे पडते. कोपऱ्याच्या खेळात अर्धं पाऊल म्हणजे सगळंच. मॅटचा संच घेणं लहान कॉलेजला झेपत नाही. मग स्पर्धेच्या आदल्या दिवशी तालुक्याला जाऊन कुणाच्या तरी मॅटवर तासभर हात-पाय मोकळे करायचे. बूट चार जोड, मुली आठ. मोठ्या बुटात कापड कोंबून खेळलेली मुलगी मी स्वतः पाहिलीय.

माझा एक मावसभाऊ अमेरिकेत असतो. त्याचा मुलगा तिकडच्या एका लहान कॉलेजात त्यांचा तो फुटबॉल खेळतो, हातात चेंडू घेऊन पळायचा. मला वाटायचं तिकडे खेळाडूंना सगळं फुकट असेल. तर नाही! लहान कॉलेजांच्या तिसऱ्या विभागात खेळासाठी शिष्यवृत्ती द्यायचीच नाही असा नियम आहे. फी भरायची, पहाटे उठायचं, हाडं मोडून घ्यायची आणि बहुतेकांनी पदवीबरोबर खेळही संपवायचा. मावसभाऊ म्हणाला, "पोराला विचारलं, कशासाठी करतोस? म्हणाला, बाकीचे वाट बघत असतात." मला ते एकदम पटलं. आठ मुलींच्या संघात एक जरी आली नाही तर सगळ्यांचा दिवस जातो.

तर स्पर्धा. आपल्या पुणे विद्यापीठात आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होते. त्यातून विभागाचा संघ निवडतात आणि मग पुणे शहर, पुणे जिल्हा, नगर, नाशिक असे विभाग आपसात खेळतात. पुढे विद्यापीठाचा संघ. या मुली पहिले दोन सामने जिंकल्या, हे आमच्यासाठी दिवाळीच्या आधीची दिवाळी! उपांत्य सामना रविवारी होता, आणि त्याच रविवारी फलटणकडचं एक स्थळ भाचीला बघायला येणार होतं. तारीख ठरवताना भावाला सामन्याचं माहीत नव्हतं. मुलगी काही बोलली नाही. आठवडाभर नुसती गप्प. शुक्रवारी रात्री जेवता जेवता भाऊ फोन घेऊन अंगणात गेला. आत आम्हाला एवढंच ऐकू आलं, "नाही हो, मुलीचा सामना आहे. पुढच्या महिन्यात बघू."

आजारपण नाही, परीक्षा नाही. सामना आहे. आमच्या घरात एवढ्या खरेपणाने हा शब्द कुणी उच्चारला नव्हता.

सामना त्या हरल्या, दोन गुणांनी. मुलींचा सामना पंधरा-पंधरा मिनिटांचा, पण शेवटची पाच मिनिटं तासाएवढी वाटतात. लोण बसला तिथेच खरं तर गेला होता. अगदी शेवटी चार गुणांनी मागे असताना मैदानात तिघीच उरल्या होत्या. समोरची त्यांची सगळ्यात चांगली चढाईपटू. भाचीने घोटा धरला आणि बाकीच्या दोघी वरून पडल्या. अव्वल पकड, दोन गुण! आणि शिट्टी वाजली. वेळ संपली होती. मुली रडल्या, सर पाठ फिरवून पाण्याच्या बाटल्या मोजत बसले.

निवड चाचणीत भाचीचं नाव विभागाच्या संघात आलं, राखीव म्हणून. दोन सामने बाकावर बसली, तिसऱ्यात काही मिनिटं उतरली. बस्स. हंगाम संपला.

आता ती पोलीस भरतीचं बोलते. सरकारी नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्र कुठल्या स्पर्धेचं आणि कितव्या क्रमांकाचं, त्यावर सगळं. तिच्याजवळचं प्रमाणपत्र त्याला पुरणार नाही, हे तिलाही ठाऊक आहे. मी तिला नाशिकच्या शैलजा जैन यांची गोष्ट सांगते. 2018 मध्ये जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत इराणच्या मुलींनी भारताला 27-24 असं हरवून सुवर्ण घेतलं, त्या इराणच्या प्रशिक्षक आपल्या शैलजाताई होत्या. खेळ कुठून कुठे नेईल सांगता येत नाही. भाची म्हणते, "आत्या, आधी मला बूट घेऊन दे."

घेतलेत. माझ्या मापाचे नाहीत याचं जरा वाईट वाटलं. असो.

मावशी, तुझ्या 'अजून'चं उत्तर : हो, अजून खेळते. सध्या उसाची वाहतूक चालू आहे, रस्त्यावर ट्रॉल्याच ट्रॉल्या, एसटी रोज उशिरा पोचते. ती आता आधीची गाडी धरते.