मुखवटा आणि आकडा

नाटक शिकवताना ‘मुखवटा’ या शब्दावर मी आजवर किती तास खर्ची घातले असतील याचा हिशेब नाही. जव्हार-मोखाड्याकडील बोहाड्याची सोंगे, कोकणातल्या पालखीत बसणारी देवांची रूपे, असे सगळे सांगून झाले की तास संपत असे. मुखवटा स्वतःच्या चेहऱ्यावर चढवून त्याचा विचार करण्याची वेळ मात्र पन्नाशीनंतर आली, आणि तीही पनवेलच्या घरी, रात्री झोपताना.

मला स्लीप अ‍ॅप्निया आहे. झोपेत घशाचे स्नायू सैलावतात, श्वासमार्ग मिटतो, आणि पुरते जागे न होताच माणूस धडपडून श्वास ओढतो, असे रात्रभर. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मधला (१८३६-३७) सदैव पेंगणारा लठ्ठ जो वाचकांना आठवत असेल. लठ्ठपणा, पेंग आणि अपुरे श्वसन एकत्र आढळणाऱ्या विकाराला १९५६ साली बर्वेल आणि सहकाऱ्यांनी त्या पुस्तकावरूनच ‘पिकविकियन’ म्हटले. माझा विकार त्याचा सख्खा नव्हे, चुलत भाऊ.

यावरचा उपाय १९८१ साली सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी पाच रुग्णांच्या आधारे ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. नाकावाटे सतत हलक्या दाबाची हवा सोडायची. ती हवाच घशाला आतून टेकू देते. हेच सीपॅप. दाब मोजतात पाण्याच्या सेंटिमीटरमध्ये. माझ्यासाठी प्रयोगशाळेत एक रात्र झोपवून जो आकडा ठरवला तो ९, आणि मास्क केवळ नाकावरचा. दोन वर्षे उत्तम गेली.

मग एका पावसाळ्यात नाक चोंदले. तोंड उघडे पडू लागले, हवा तिथून निसटू लागली, सकाळी घशाला कोरड. मास्क विकणाऱ्याने नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मोठा मास्क दिला व म्हणाला, “दाब तोच राहू द्या सर, फक्त मास्क बदला.” मला ते पटले! ‘आशय तोच, फक्त आकृतिबंध बदलला’ असे उत्तरपत्रिकेत लिहिणाऱ्यांना मी आयुष्यभर लाल शाईने झोडपले आहे.

तीन आठवड्यांत पेंग परतली. लोकलमध्ये डोळा लागला तर फारसे बिघडत नाही, हार्बर मार्गाचे शेवटचे स्थानक पनवेलच; कोणीतरी उठवतेच. पण एका विद्यार्थिनीच्या मौखिक परीक्षेत मी तिच्यासमोर झोपलो. जाग आली तेव्हा ती वाक्य अर्धे सोडून गप्प बसली होती, नजर वहीत. ती शरम अजून गेलेली नाही. त्याच रात्री पत्नी म्हणाली, “अहो, तुमचा श्वास पुन्हा थांबतोय. काल मी मोजत बसले होते.” मी तिला यंत्राच्या पडद्यावरचा ९ दाखवला.

डॉक्टरांनी यंत्रातली नोंद उघडली. ताशी तीनच्या आसपास असणारे अडथळे अठरावर गेले होते. त्यांनी कागदावर आकृती काढून समजावले. नाकावाटे आलेली हवा टाळू आणि जीभ यांच्या मागे उतरते व त्यांना पुढे ढकलते. तोंडात तेवढा दाब नसतो, म्हणून तो टेकू टिकतो. तोंडही मास्कखाली आले आणि उघडले, की जिभेच्या पुढे-मागे दाब सारखाच होतो, टाळू उलट मागे रेटली जाऊ शकते. शिवाय मोठ्या मास्कचे पट्टे आवळले की हनुवटी मागे सरकते आणि जीभही तिच्याबरोबर. म्हणून तोच घसा उघडा ठेवायला अशा मास्कला पुष्कळदा अधिक दाब लागतो. (यंत्राच्या मेनूत मास्कचा प्रकार निवडायचा असतो, तोही कोणी बदलला नव्हता. प्रत्येक मास्कच्या छिद्रांतून निसटणारी हवा वेगळी, आणि यंत्र तिचा हिशेब त्या नोंदीवरून करते.)

पुन्हा एक रात्र प्रयोगशाळेत. नवा आकडा १३. अडथळे कमी झाले, पण एवढ्या दाबाने मास्कच्या कडेतून हवा डोळ्यांवर येई आणि गिळलेल्या हवेने पोट फुगे. अखेर डॉक्टरांनी मूळ दुखण्याकडे मोर्चा वळवला: मिठाच्या पाण्याने नाक धुणे, नाकातला फवारा, दोन महिने. नाक मोकळे झाले तसे जुना मास्क आला आणि ९ हा आकडाही. मोठा मास्क वाईट असतो असे मात्र मी म्हणणार नाही. ज्यांचे नाक मोकळे होतच नाही अशांना त्याचाच आधार असतो, आणि कित्येकांना तो कमी दाबातही मानवतो. माझा घसा त्यांतला नव्हता, एवढेच.

त्या विद्यार्थिनीला मी नंतर पुन्हा बोलावले आणि ते अर्धे राहिलेले वाक्य पुरे करायला सांगितले. तिने केले, चांगले होते.

मोठा मास्क टाकून दिलेला नाही. कपाटात आहे. त्याच्या पिशवीवर पत्नीने चिठ्ठी चिकटवली आहे: ‘हा लावायचा तर आधी डॉक्टरांना फोन.’