युजर एरर

तीन आठवड्यांपूर्वी आईचा फोन आला. "बाबांना आता गाडी चालवू नका म्हणून सांग रे. तुझं ऐकतील." मला हसूच आलं. बाबांनी माझं शेवटचं कधी ऐकलं होतं, आठवत नाही.

प्रकरण असं. बाबा साताऱ्याला असतात, वय 64. गाडी 12 वर्षांची जुनी हॅचबॅक. चार महिन्यांत पुढच्या डाव्या चाकाचे ब्रेक पॅड दोनदा बदलून झाले होते. गॅरेजवाल्याचं निदान ठरलेलं, "काका ब्रेकवर पाय ठेवूनच चालवतात." बाबांचं म्हणणं एकच, "गाडी डावीकडे ओढते." आणि मी? मी गॅरेजवाल्याच्या बाजूने! ऑफिसात रोज दहा तिकिटं 'युजर एरर' म्हणून बंद करायची सवय. हेही त्यातलंच एक. वय झालं, लक्ष नसतं, संपलं.

तरी शनिवारी साताऱ्याला गेलो. रविवारी सकाळी तिघं पाचगणीला गेलो. बाबा चालवत होते, मी शेजारी बसून त्यांच्या उजव्या पायावर डोळा ठेवून (हो, अक्षरशः!). पसरणी घाट उतरताना त्यांनी दुसरा गिअर टाकला आणि ब्रेकला जेमतेम हात... म्हणजे पाय लावला. माझ्यापेक्षा शहाण्यासारखी गाडी उतरवली त्यांनी. पण वाईच्या पुढे सपाट रस्त्यावर गाडी जड वाटायला लागली. अ‍ॅक्सिलरेटर सोडला की कुणीतरी मागून धरल्यासारखी थांबायची. स्टिअरिंग डावीकडे. मग तो करपट वास. आई मागून म्हणाली, "थांबवा आधी."

थांबवली. पुढच्या उजव्या चाकाजवळ हात नेला, कोमट. डाव्या चाकाजवळ नेला आणि झटकन मागे घेतला, नुसती धग! मी पाण्याची बाटली उघडायला लागलो तर बाबांनी हात धरला. "तापलेल्या डिस्कवर पाणी नको, वाकडी होईल." अर्धा तास झाडाखाली बसलो. नंतर गाडी सुरू केली तर एकदम मोकळी. रिस्टार्ट केल्यावर गायब होणारा बग! असले बग सगळ्यात वाईट, कारण दाखवायला न्यावं तर तिथे काहीच दिसत नाही.

तिथे बसल्या बसल्या माझी ट्यूब पेटली. ब्रेकवर सतत पाय असता तर पुढचे दोन्हीकडचे पॅड सारखेच झिजायला हवेत ना? एकटा डावाच कसा झिजेल? पॅडल तर एकच आहे! इंजिनिअरिंगच्या डिग्रीने चार महिन्यांत एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता.

हळूहळू ब्रेक कमीत कमी वापरत साताऱ्याला पोचलो. दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकली आणि वेगळ्या मिस्त्रींकडे गेलो. या माणसाने एक पार्ट बदलला नाही, आधी फक्त बघितलं. मागच्या चाकांना दगड, गाडी न्यूट्रलला, डावं चाक जॅकवर. हाताने फिरवलं, फिरलं. मला म्हणाले, "ब्रेक दाबा जोरात, चारपाच वेळा. आता सोडा." चाक जाम! मग कॅलिपरचा निपल पान्याने किंचित सैल केला. तेलाची बारीक चिळकांडी उडाली आणि चाक मोकळं.

म्हणजे पिस्टन किंवा पिना गंजून अडकल्या नव्हत्या. तसं असतं तर तेल सोडूनही चाक जामच राहिलं असतं. आत दाब अडकत होता. आता तो कुठे अडकतो? निपल बंद करून पुन्हा ब्रेक दाबला. या वेळी वरचा, लोखंडी पाईप आणि रबरी होज जिथे जुळतात तो जोड सैल केला. चाक तसंच जाम. म्हणजे मास्टर सिलिंडर निर्दोष, गुन्हेगार मधला होज.

बाहेरून तो होज एकदम धडधाकट. पण आतलं रबर फुगून सुटलं होतं. पायाच्या जोराने तेल चाकाकडे जातं, परत यायला मात्र तेवढा जोर नसतो. पिस्टनचं सील त्याला केसभर मागे खेचतं, बस्स. रस्ता एकेरी झाला की पॅड डिस्कला घासत राहतात, चाक तापतं, तेल तापतं, आणि तेल उकळलं तर पॅडल खाली जातं आणि ब्रेक लागतच नाही. हे घाटात झालं असतं तर... असो.

दोन्हीकडचे होज नवीन, ब्रेक ऑइल नवीन, हवा काढली. हे तेल हवेतली ओल शोषतं, दर दोन वर्षांनी बदलायचं असतं. आमचं कधी बदललं होतं, कुणालाच आठवेना.

परत येताना किल्ली बाबांच्या हातात दिली. मोकळ्या रस्त्यावर त्यांनी क्षणभर स्टिअरिंगवरची पकड सैल केली. गाडी सरळ.

"बाबा, सॉरी. तुम्ही पहिल्यापासून बरोबर सांगत होतात."

"मग?" एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळाने, "तू तिकडे पुण्यात ब्रेक ऑइल बदललंस का?"

नाही बदललं. सोमवारची सुट्टी अशीच संपली. येत्या शनिवारी नक्की.