तंबूतलं विद्यापीठ

विद्यापीठ म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय येतं? दगडी इमारत, उंच मनोरा, परीक्षेचा निकाल बघायला जमलेली गर्दी! पण अमेरिकेत एक विद्यापीठ असं आहे, की त्याला भिंतच नाही. वर्षातून जेमतेम दोन आठवडे ते भरतं आणि मग गुंडाळून गाडीत टाकलं जातं. तिथे परीक्षा नाही, निकाल नाही, छडी तर नाहीच नाही. शिकवणाऱ्यांना एका पैशाचाही पगार मिळत नाही. तरीसुद्धा त्या दोन आठवड्यांत हजाराहून जास्त वर्ग होतात! काय शिकवतात तिथे? पिसाची लेखणी करणं, शाई उकळणं, पट्टे विणणं, काचेचे मणी ओढणं, चारशे वर्षांपूर्वीचे नाच नाचणं. आहे ना गंमत? चला तर, एक फेरी मारून येऊ.

नकाशात पेनसिल्व्हानिया राज्य शोधा. त्याच्या पश्चिम टोकाला पोलादासाठी नावाजलेलं पिट्सबर्ग शहर आहे. तिथून मोटारीने उत्तरेला तासभर गेलं, की एक छोटं गाव लागतं. त्याचं नाव स्लिपरी रॉक, म्हणजे चक्क 'निसरडा खडक'! गावाजवळ कूपर्स लेक नावाचं तळं आहे आणि तळ्याकाठी तंबू ठोकून राहायचं मोठं मैदान. जुलैच्या शेवटी या मैदानाचं रूपच पालटतं. रंगीत तंबू, फडफडणारी निशाणं, लाकडी वेशी, चिलखतांचा खणखणाट. दहा हजारांवर माणसं इथे राहायला येतात. आत शिरायचं तर एक अट आहे. अंगावरचा पोशाख इसवी सन १६०० च्या आधीचा वाटेल असा हवा. तुमच्याकडे नसेल तर घाबरू नका, उसना अंगरखा द्यायचीही तिथे सोय असते.

या मेळ्याचं नाव पेन्सिक. इतिहासाच्या पुस्तकात रोम आणि कार्थेज यांची प्यूनिक युद्धं वाचली असतील ना? तोच तो हत्ती घेऊन आल्प्स ओलांडणारा हॅनिबल! 'पेनसिल्व्हानिया' आणि 'प्यूनिक' हे दोन शब्द एकमेकांत घुसवून हे नाव केलं आहे.

हा खटाटोप करते 'सोसायटी फॉर क्रिएटिव्ह अ‍ॅनाक्रोनिझम' नावाची संस्था. नाव लांबलचक आहे, पण अर्थ सोपा आहे. एका काळातली गोष्ट मुद्दाम दुसऱ्या काळात आणून ठेवायची. १ मे १९६६ रोजी कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावी, एका घराच्या परसात काही मित्रमैत्रिणी जमल्या. जुन्या सरदारांसारखी लुटुपुटूची झुंज खेळायची, एवढाच बेत होता. त्यातून संस्था उभी राहिली. आज तिची वीस 'राज्यं' आहेत. राजा होतो तो झुंज जिंकून, आणि थोड्या महिन्यांत त्याला गादी सोडावी लागते.

पेन्सिकचं पहिलं युद्ध झालं १९७२ साली, पूर्वेचं राज्य आणि मध्यराज्य यांच्यात. त्याची एक गोष्ट तिथले जुने लोक हसत हसत सांगतात. मध्यराज्याच्या एका राजाने पूर्वेला आव्हान धाडलं. पूर्वेने तिकडे लक्षच दिलं नाही. पुढे हाच गृहस्थ राहायला पूर्वेकडे गेला आणि तिथला राजा झाला. मग त्याने काय करावं? स्वतःच पाठवलेलं आव्हान स्वतःच स्वीकारलं आणि युद्धात हरला!

या लढायांत तलवारी वेताच्या असतात, बरं का. बांबू आतून पोकळ असतो, तो फुटला की धारदार चिरफळ्या निघतात. वेत भरीव, तो तुटत आला तरी झाडूसारखा पिंजारतो. म्हणून वेताला चिकटपट्टी गुंडाळून तलवार करतात. अंगावरचं चिलखत मात्र खरंखुरं असतं.

पण आपल्याला लढाईत नाही, विद्यापीठात जायचं आहे. ओळीने मोठे मांडव उभारलेले असतात आणि कोणत्या मांडवात किती वाजता काय, याचं वेळापत्रक छापलेलं असतं. शिकवणारे कोण? एरवी कुणी परिचारिका, कुणी संगणकावर काम करणारे, कुणी शिक्षक, कुणी ट्रक चालवणारे. ज्याला जे येतं ते त्याने शिकवायचं. सुताचे, काचेचे, कागदाचे पैसे लागले तर तेवढेच घ्यायचे. शिकवण्याचं मोल घ्यायचं नाही.

हा पहिला मांडव लेखणीचा. सिनेमात लेखकाच्या हातात डौलदार, फुललेलं पीस असतं की नाही? ते विसरा. खरे लेखनिक पिसाचे केस बहुतेक सगळे सोलून टाकत, नाहीतर ते हाताला नडतात. हंसासारख्या बदकाचं पंखातलं मोठं पीस घ्यायचं. ते मऊ असतं, म्हणून त्याची दांडी तापलेल्या वाळूत खोचून कडक करायची. मग तिरका काप, मधोमध चीर, आणि झाली लेखणी. आपल्याकडचा बोरूही असाच तिरका कापत, हे आजोबांना विचारून पाहा.

शेजारी शाई उकळते आहे. ती कशाची, माहीत आहे? मायफळाची! हो, बाळगुटीत आजी उगाळते तेच मायफळ. ते खरं फळ नव्हेच. ओक झाडाच्या कोवळ्या फांदीवर एक बारीकशी गांधीलमाशी अंडं घालते आणि त्याभोवती झाड गाठ तयार करतं. त्या गाठीत तुरट रस असतो. मायफळं कुटून भिजवायची, त्या पाण्यात हिराकस घालायचा आणि थोडा डिंक. हिराकसात लोखंड असतं. लिहिताना अक्षर फिकट दिसतं आणि हवा लागली की हळूहळू काळंभोर होतं. युरोपात शेकडो वर्षं लोकांनी याच शाईने लिहिलं. पण ही शाई आंबट स्वभावाची. काही जुन्या पोथ्यांचा कागद तिने खाऊन टाकला आहे. अक्षराच्या जागी अक्षराच्या आकाराचं भोक!

दुसऱ्या मांडवात विणकाम चाललं आहे. मागाचा पत्ता नाही, प्रत्येकाच्या हातात चौकोनी पाट्यांचा गठ्ठा. प्रत्येक पाटीला चार कोपऱ्यांत चार भोकं, चार भोकांत चार दोरे. गठ्ठा पाव फेरा फिरवायचा, आडवा दोरा घालायचा, पुन्हा पाव फेरा. बघता बघता नक्षीदार पट्टा तयार होतो. नॉर्वेत ओसेबर्ग इथे १९०४ साली मातीच्या ढिगाऱ्याखालून एक अख्खं जहाज खणून काढलं. इसवी सन ८३४ मध्ये दोन स्त्रियांना त्या जहाजासह पुरलं होतं. सोबत होता असाच एक पट्टा, अर्धवट विणलेला, ५२ पाट्यांसकट! विणणारी मधेच उठून गेली, ती परत आलीच नाही. ५२ म्हणजे पत्त्यांचा एक कॅट. नवशिके खरोखरच जुन्या पत्त्यांना भोकं पाडून हा पट्टा विणायला शिकतात.

भूक लागली? स्वयंपाकाचा मांडव पलीकडेच आहे. इंग्लंडचा राजा दुसरा रिचर्ड याच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास लिहिलेला पाककृतींचा संग्रह अजून आहे. त्याचं नाव 'फॉर्म ऑफ क्युरी'. पण त्यात पुष्कळदा प्रमाण दिलेलं नाही. किती वाट्या, किती वेळ, काही नाही. आजी कशी म्हणते, 'अंदाजाने घाल गं!' अगदी तसंच. मग ही मंडळी तो पदार्थ पुन्हा पुन्हा करतात, चाखतात, टिपून ठेवतात. बटाटा, टोमॅटो आणि मिरची यांना मात्र तिथे बंदी. ही पिकं अमेरिकेतली, कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीनंतर ती युरोपात आली. आपल्याकडे तर त्याच्याही नंतर! त्या आचाऱ्यांचा तिखटपणा होता काळ्या मिऱ्याचा. आणि तो मिरा कुठून जायचा? आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, जहाजाने आणि उंटांवरून, हजारो मैल.

आता तुम्ही म्हणाल, हा तर मोठ्या माणसांचा भातुकलीचा खेळ झाला! थोडा आहेच. पण खेळाला एक शिस्त आहे. चांगल्या वर्गात हमखास एक प्रश्न ऐकू येतो, 'हे तुम्हाला कशावरून कळलं?' याची उत्तरं तीन. एक, तशी वस्तू जमिनीत सापडली आहे. दोन, त्या काळच्या कुणी ते लिहून किंवा चितारून ठेवलं आहे. तीन, मी स्वतः करून पाहिलं आणि माझा तर्क आहे. तिन्ही उत्तरं चालतात. फक्त तर्काला पुरावा म्हणायचं नाही. हा नियम आपल्या इतिहासाच्या वहीलाही लावण्यासारखा आहे, हो ना?

आणखी एक गोष्ट खरी सांगायला हवी. या मेळ्यात बहुतेक सगळेच सरदार आणि सरदारणी असतात. खऱ्या मध्ययुगात मात्र बहुतेक माणसं शेतात राबणारी होती, आणि त्यांतल्या कितीतरी जणांना मालकाला विचारल्याशिवाय गावही सोडता येत नसे. १३४७ पासून आलेल्या प्लेगच्या साथीत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं चार-पाच वर्षांत दगावली. निशाणं आणि मेजवान्या पुन्हा मांडता येतात, तशी ती भूक आणि भीती मांडत नाहीत. मेळ्यातल्या जाणत्या लोकांना हे ठाऊक असतं. तुम्हीही रंगीत तंबू पाहताना हे लक्षात ठेवा.

मग एवढं करून मिळतं काय? पुस्तकात लिहिलेलं ज्ञान शंभर वर्षांनीही वाचता येतं. हातातलं ज्ञान मात्र एका हाताने दुसऱ्या हाताला दिलं तरच टिकतं. मधली एक पिढी चुकली, की अर्धा पट्टा तसाच राहतो. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ ही दोन वर्षं पेन्सिक भरलंच नाही. २०२२ साली पुन्हा तंबू लागले, कारण शिकवणारे हात अजून होते.

आपल्याकडे असं काय आहे? मोडी लिपी घ्या. १९५० च्या सुमारापर्यंत शाळेत मोडी शिकवत. मग ती गेली. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे हजारो रुमाल बांधून ठेवलेले आहेत आणि ते घडाघडा वाचणारी माणसं थोडी. सरकारचा पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो ते यासाठीच. आणि घरात बघा, आजीला गोधडीचे टाके येतात, शेजारच्या काकांना दोरखंड वळता येतो. या सुट्टीत त्यांच्यापाशी बसा आणि एक तरी गोष्ट हाताने शिका. आणि हो, शिकलात की लगेच धाकट्या भावंडाला शिकवा. त्याने 'हे तुला कशावरून कळलं?' असं विचारलं तर रागावू नका. विचारू द्या त्याला!